दम कोणाचा, पास कोण

शर्टावरून छातीला नळी लावली की माणसाच्या आतलं काय ऐकू येतं, हे मला कोणीतरी एकदा समजावून सांगावं. मी डॉक्टर नाही. पण वर जाड शर्ट, आत बनियन, पाठीमागे कंपनीच्या कॉम्प्रेसरची घरघर, आणि एवढ्यातून फुप्फुसांचा आवाज? माझा विश्वास बसत नाही. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांत कंत्राटी कामगारांची वर्षातून एकदा तपासणी होते. ती मी गेटच्या जाळीला नाक लावून पाहिली आहे. टेबलामागे डॉक्टर, मान खाली. "नाव? खोकला नाही ना? पुढे." शेजारी बसलेला कंपाउंडर तेवढ्यात अख्खा माणूस निकालात काढतो. हृदय ठीक, श्वसन ठीक, पचन ठीक, मेंदू-मज्जा ठीक, डोळे ठीक, कातडी ठीक. म्हशीच्या बाजारात गिऱ्हाईक निदान म्हशीचं तोंड उघडून दात तरी बघतं. इथे माणसाच्या तोंडाकडेसुद्धा कोणी बघत नाही. हे तोंडाकडे न बघणं लक्षात ठेवा, पुढे त्याचीच गोष्ट आहे.

मी पेणची. तुमची मुलगी काय करते असं कोणी विचारलं की आमची आई सांगते, "कागद वाटते." खोटं नाही. कॉलेजात असताना आरोग्याच्या मोहिमेची पत्रकं वाटायला लागले, मग लिहायला लागले, आणि मग त्यातच राहिले. पत्रकानं मला दोन गोष्टी शिकवल्या. वाक्य छोटं ठेवायचं, आणि आपण कोणावर रागावलोय ते आधी सांगायचं. संपादकांनी "दिवाळीचा अंक आहे, जरा गोडीनं लिहा" असं सुचवलंय. बघू.

माझं मुख्य काम पत्रकांचं नाही, उजळणीचं. शरीराची उजळणी. एक कापडी चित्र आहे, पुरुषभर उंचीचं. ते झाडाला नाहीतर समाजमंदिराच्या भिंतीला टांगायचं आणि एकेक संस्था बोट ठेवून सांगायची. हवा कुठून जाते, अन्न कुठून जातं, रक्त कोण फिरवतं, घाण कोण गाळतं. चित्र आमच्या पेणच्या एका मूर्तीच्या रंगाऱ्यानं काढलंय. त्याचा सगळा जन्म गणपती रंगवण्यात गेला, त्यामुळे डोळ्यांची आखणी अशी झाली आहे की बायका चित्र उलगडलं की आधी हात जोडतात. पोटही जरा मोठंच आलंय. मी म्हटलं, "काका, हा माणूस आहे." तर म्हणाले, "मग? माणसाला पोट नसतं?"

पेणच्या खाडीकडच्या मिठागरांवर हेच चित्र घेऊन गेले होते. मूत्रपिंडावर बोट ठेवलं, रक्तातली घाण गाळून पाण्याबरोबर बाहेर टाकतं म्हणून सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, "मंजी आमच्या बांधाची उघाडी गो. भरतीला बंद, ओहोटीला खोलायची." मला इतका आनंद झाला! बांधातलं जास्तीचं पाणी सोडायचं दार, त्याला तिकडे उघाडी म्हणतात. याहून चांगलं मी काय सांगणार होते? मग मी शहाणपणानं म्हटलं, दिवसभर उन्हात काम करता, भरपूर पाणी प्या. सगळ्या हसायला लागल्या. म्हातारी म्हणाली, "पिऊ गो, पिऊ. आनि मग बसू कुठं? चारी बाजूला मीठच हाय. झाड दाखव एक." त्या बायका सकाळी घरून निघाल्यापासून पाण्याला तोंड लावत नव्हत्या, कारण आडोसा नव्हता. जळजळ, ताप, कंबरदुखी, सगळं सोसत होत्या. आणि मी त्यांना मूत्रपिंडाचं काम शिकवत होते! मूत्रपिंड आपलं काम चोख करत होतं. काम करत नव्हता तो मिठागराचा मालक, ज्याला चार पत्रे उभे करून एक संडास बांधता येत नव्हता. पुढचं पत्रक मी शरीरावर लिहिलं नाही, पत्र्यांवर लिहिलं. सहा बायकांनी त्याच्यावर अंगठे उठवले. पत्रे मिळाले. दार अजून मिळालेलं नाही, पडदा आहे.

पण मला सांगायचंय ते धाटावचं. तिथे मला हसुराम भेटला.

हसुराम खांब गावाजवळच्या एका वाडीतला. पावसाळ्यात भात, नंतर वाल, आणि बारा महिने कंपनीचं कंत्राट. रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो पावडर पोत्यांत भरायचा. वरून पावडर पडते, खाली पोतं धरायचं, ते भरलं की झटका द्यायचा, की पिवळा ढग उठतो. शिफ्ट सुटल्यावर तो गेटबाहेर यायचा तेव्हा कानाच्या पाळ्या, भुवया, नखं, सगळं पिवळं. नवरदेवसुद्धा इतका हळदीत माखत नाही. तोंडाला बांधायला कंपनीनं काय दिलं होतं? पातळ फडकं. आणि गूळ.

हो, गूळ. शिफ्ट सुटताना मुकादम प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गुळानं छातीतली धूळ खाली उतरते म्हणे. हा उपाय आपल्याकडे सगळीकडे चालतो, आणि वाईट म्हणजे कामगारच त्याची बाजू घेतात. मी हसुरामला विचारलं, "गूळ कशाला खाता?"

"छाती साफ राहते, ताई."

"छातीत जातो तो?"

"मग कुठं जातो?"

"पोटात."

"पोट छातीच्या खालीच हाय ना?" असं म्हणून तो हसला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. बराच वेळ थांबेना. शेजारी उभा असलेला बाळू त्याची पाठ चोळत राहिला. हा बाळू त्याच्याच वाडीतला, त्याच कंत्राटात माल चढवायला. लग्नसराईत मात्र तो खालुबाज्यात, म्हणजे वरातीच्या वाजंत्रीत, सनई वाजवतो, वरात गावच्या वेशीपासून मांडवापर्यंत पोचली तरी याचा सूर तुटत नाही.

चित्रावर बोट ठेवून हे पटणारं नव्हतं. मी पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात गेले, मटणाच्या दुकानात. "चाचा, फुप्फुसं द्या, नळ्यांसकट."

"कुत्र्याला?"

"नाही, माणसांना दाखवायची आहेत."

चाचांनी सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मग बोकडाचं सगळं आतलं काढून कागदात बांधून दिलं आणि म्हणाले, "दाखवून झालं की शिजवायला लावा, वाया नका घालवू."

गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर मी ते मांडलं. दोन नळ्या, एकमेकींना चिकटलेल्या. एक मऊ, ती अन्नाची. दुसरी कडक कड्यांची, ती हवेची. अन्नाच्या नळीत गुळाचा खडा सारला. तो सरकत खाली गेला, फुप्फुसाला शिवला नाही. मग हवेच्या नळीत पपईच्या पानाचा पोकळ देठ घातला आणि फुंकलं. ती चपटी गुलाबी फुप्फुसं फुगून वर आली तेव्हा टपरीवाल्याचं दूध उतू गेलं तरी त्याला कळलं नाही. "बघा. धूळ इथून जाते. गूळ तिथून. त्यांची गाठ पडत नाही. गूळ देणाऱ्याला हे माहीत आहे. मास्कपेक्षा गूळ स्वस्त, म्हणून गूळ."

त्या दिवसापासून आमची मागणी ठरली. फुंकून दम मोजायचं यंत्र तपासणीला आणा. तोंडात नळी धरून जोरात फुंकायचं, फुप्फुसात किती हवा मावते आणि किती जोरानं बाहेर पडते ते यंत्र सांगतं. शर्टावरून ऐकायचं नाटक बंद. मी पत्रकं लिहिली, गेटवर वाटली, रोह्याला कचेरीत निवेदनं दिली, तिथल्या साहेबांनी "तुम्ही कुठल्या पक्षाच्या?" एवढंच विचारलं. पुन्हा दिली. शेवटी यंत्र आलं. आम्ही त्या दिवशी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला.

निकाल लागला आणि पावडर भरणारे सगळे पास. नुसते पास नाहीत, उत्तम. हसुराम तर उत्तमातला उत्तम. कारखान्याच्या मॅनेजरनं मला मुद्दाम गेटवर बोलावून घेतलं. "मॅडम, तुमच्याच मशीननं सांगितलंय. आता नवीन पत्रक काय छापणार?"

यंत्र खोटं असेल, की डॉक्टर विकला गेला असेल? रागानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मी खांबला गेले, हसुरामच्या वाडीवर. वालाच्या शेंगा भरल्या होत्या आणि अंगणात पोपटी लावली होती. मडक्यात शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला, वर पेंढ्याचा जाळ. सगळी वाडी जाळाभोवती, आणि हसुराम एकटा लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, भिंतीला पाठ लावून. मी येताना पुन्हा चाचांकडून बोकडाची फुप्फुसं आणली होती, वाडीतल्या बायकांना दाखवायला. देठ खोचला आणि म्हटलं, "हसुराम, या. तुमच्याइतका दम कोणातच नाही असं यंत्र म्हणतंय. फुगवून दाखवा."

तो उठला नाही. पोरंसोरं "काका, काका" करायला लागली तेव्हा आला, देठ तोंडात धरला आणि फुंकलं. फुप्फुसाचा एक कोपरा जेमतेम हलला. पुन्हा फुंकलं आणि मग खाली बसला. कोणी हसलं नाही. शेंगा सोलायचं थांबून सगळे जमिनीकडे बघत राहिले. आणि बाळूच्या आईला राहवलं नाही. "कशाला त्याला फुंकायला लावतेस गो? तो दम त्याचा नवताच. माझ्या पोराचा हाय तो."

झालं होतं असं. तपासणीच्या दिवशी पावडर भरणाऱ्यांपैकी ज्यांची छाती भरली होती त्या सगळ्यांच्या नावानं बाळू फुंकून आला होता. एकदा हेल्मेट घालून, एकदा डोक्याला फडकं बांधून, एकदा दुसऱ्याचा शर्ट घालून. बाळूच सांगत होता, खाली मान घालून, पण ओठ आवळून हसू दाबत. "डाक्टरनं वर बघितलंच नाय ताई. चौथ्यांदा तर बोलला, गावाकडची हवाच वेगळी, सगळ्यांचे आकडे कसे सारखे येतात! मला वाटलं आता पकडला. तर बोलला, पुढे."

मी ओरडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. वर्षभर ज्याच्यासाठी भांडलो ते यंत्र आलं आणि तुम्ही त्याला फसवलंत, असं काहीतरी. तेव्हा हसुरामची बायको कमल उठली. तिच्या हातात शेंगांनी भरलेलं सूप होतं, ते तिनं खाली ठेवलं.

"ताई, रागवा. पन आदी ऐका. तुमचं यंत्र खरं बोलतं, व्हय ना?"

"हो."

"खरं बोललं असतं तं दुसऱ्या दिवशी काय झालं असतं? मुकादम बोलला असता, हसुराम, तुजा दम गेला, घरी बस. रांजणकरांच्या पोराला असाच बसवला ना? त्याला तं नुसता खोकला व्हता. तुमी दम मोजायला लावलात. मोजून झाल्यावर पुढं काय, ते कुठं लिवलंय तुमच्या कागदात?"

नव्हतं लिहिलेलं. कागदात "सत्य बाहेर येऊ द्या" असं लिहिलं होतं. सत्य बाहेर आल्यावर तो माणूसही बाहेर जाईल, हे मला गेटच्या बाहेरून दिसलं नव्हतं आणि त्यांना आतून रोज दिसत होतं. म्हणून त्यांनी वाडीत भांडी-पाट, बैलजोडी जशी एकमेकांना देतात तसा दम दिला. मी ज्यांच्यावर ओरडत होते त्यांनी चोरी केली नव्हती. श्वास आणि पोट यांतलं एकच निवडायला ज्यानं माणसाला लावलं, तो कंत्राटदार पोपटीला आलेला नव्हता.

त्याच अंगणात नवीन मागणी ठरली. मी लिहिली, पण वाक्य कमलचं. "ज्याचा दम कमी निघेल त्याचं काम बदला, मजुरीचा रोज बदलू नका, घरी बसवू नका. हे बोलाल तर फुंकू." सगळे उठल्यावर हसुराम मला म्हणाला, "ताई, मला खरंच जानून घ्यायचंय, माजं किती उरलंय ते."

पुढच्या तपासणीला मी जाळीच्या बाहेरच होते. आत रांग होती. पहिला पुढे गेला, नळी तोंडापुढे आली, त्यानं तोंड मिटून घेतलं. दुसऱ्यानंही. कंपाउंडर ओरडला, "अरे, फुंका! मुके झालात का?" कोणी नाही. रांग तशीच उभी, ओठ मिटून. मुकादम एकेकाला दमात घेत फिरला, आईबहिणीवरून बोलला. बाहेर माल न्यायला आलेले ट्रक हॉर्न देत होते. अर्ध्या शिफ्टभर एक पोतं भरलं गेलं नाही. शेवटी मॅनेजर आला आणि त्याला मागणी सांगितली. तो हसला. "एवढंच? ठीक आहे, बदलू काम."

हसुराम पुढे झाला. "मोठ्यांदा बोला साहेब. पाठीमागं ऐकू नाय गेलं."

मॅनेजर पुन्हा बोलला, सगळं वाक्य, रोजासकट. मग हसुरामनं नळी तोंडात धरली आणि फुंकलं.

डॉक्टरनं यंत्राकडे पाहिलं. पुन्हा फुंकायला लावलं. मग, मी शपथेवर सांगते, पहिल्यांदा त्यानं मान वर केली आणि समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं.

"तू हसुराम?"

"व्हय."

"गेल्या वर्षी तर तुझं..."

"गेल्या वर्षी मी नवतो साहेब."

"म्हणजे?"

"मी व्हतो," बाळू मागून म्हणाला.

मुकादम दोघांच्या अंगावर धावला. रांग मोडली आणि मध्ये उभी राहिली. मॅनेजरनं सगळ्यांपुढे शब्द दिला होता, बाहेर ट्रक होते, आणि जाळीला नाक लावून मी होते. हसुरामला पावडरवरून काढून बागेत पाणी घालायला लावलं. रोज तोच. गेलेला दम परत येणार नाही असं अलिबागच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं. पण पावडर सुटली तर आहे तेवढा टिकेल. त्या बाईंनी त्याचा शर्ट काढून, पाठीला कान लावल्यासारखं ऐकलं. हसुराम येऊन कौतुकानं सांगत होता, "लय वेळ घेतला गो त्यांनी माज्यासाठी."

इथे पत्रक असतं तर मी "विजय" असं जाड अक्षरात छापलं असतं.

हसुराम हलला, पण पोत्याचं तोंड तिथेच होतं आणि ते धरायला कोणीतरी हवंच होतं. कंपनीनं कोणाला उभं केलं? बाळूला. मी मॅनेजरला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमचंच तर म्हणणं होतं ना, तपासून कामाला लावा म्हणून? त्याचा आकडा सगळ्यात चांगला आहे. फिट माणूस फिट जागी." मुकादम बाजूनं म्हणाला, "एवढा दम हाय तर वापरू दे की."

म्हणजे तपासणी कशासाठी? कोणाची छाती किती गेली ते बघायला नाही. पुढची छाती कोणाची घ्यायची ते निवडायला! वाईट झालेला माणूस बदलायचा आणि चांगला आणून लावायचा, ट्यूब बदलतात तशी. आम्ही माणसाच्या सगळ्या संस्था तपासत बसलो. तपासायला हवी ती पोत्याच्या तोंडाशी असलेली हवा. तिथे धूळ ओढून घेणारा पंखा बसवता येतो, दुसऱ्या कारखान्यांत आहे, मी पाहिला आहे. आता आमची मागणी तेवढी एकच आहे. पंखा बसवा. मग कोणाचाही दम मोजा, मी यंत्राला हार घालीन.

परवा पहिल्या शिफ्टला गेटवर मी बाळूला अडवलं. म्हटलं, "आत जाऊ नकोस. पंखा बसेपर्यंत ते काम घेऊ नकोस."

"ताई, बाजूला व्हा. खाडा लागंल."

"तुझी सनई जाईल, बाळू."

"माजा दम लय हाय," तो म्हणाला, आणि मला बरं वाटावं म्हणून हसला. आतून हसुरामनं पाण्याचा पाइप टाकला आणि तो फाटकापाशी आला. चालत आला तरी धापा टाकत होता. बोलायला त्याला जरा वेळ लागला. "मी पन असाच बोललो व्हतो रं," एवढंच म्हणाला.

मग शिफ्टचा भोंगा झाला.

हा मजकूर छापायला देते आहे तोवर पंखा बसलेला नाही. बाळू आत आहे.